पासपोर्टच्या जागी सुपारी

१

पासपोर्ट चोरीला गेला की माणूस पोलिसात जातो. वना पाटील आधी माझ्याकडे आला, कारण चोराने पासपोर्टच्या जागी जे ठेवलं होतं, ते चौकीत बोलून दाखवायलाही त्याची जीभ रेटत नव्हती.

मी अभिमन जमादार. जळगावच्या पोलीस कचेरीत अठरा वर्षं मी एकच काम केलं, पासपोर्टच्या अर्जांची चौकशी. माणूस खरा की बनेल, हे त्याच्या ओट्यावर बसून, त्याच्या घरचा चहा पिऊन मी सांगायचो आणि चुकायचो नाही. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी लोक मला जमादार नानाच म्हणतात. वनाच्या अर्जावर 'हरकत नाही' असं मीच लिहिलं होतं. त्यावर तो दुबईला गेला आणि क्रेन चालवायला लागला.

तारीख सत्तावीस मे १९८८, शुक्रवार. ऊन असं की डांबरावर चप्पल चिकटत होती. घरात आमच्या कुंदाबाईने अनारशांचा घाट घातला होता, कारण हा धोंड्याचा महिना. तीन वर्षांनी एक जास्तीचा महिना येतो, त्यात लग्नमुंज काही करायचं नाही, पण जावयाला बोलावून तेहतीस अनारसे मात्र खाऊ घालायचे! आमचा जावई तीन खाऊन चौथ्याला हात जोडतो, पण कुंदाला कोण सांगणार?

तेवढ्यात वना दारात उभा राहिला. हातात काठी, चेहरा पांढराफटक.

"नाना, पासपोर्ट गेला."

"गेला म्हणजे? हरवला की चोरला?"

"चोरला. आणि त्याच्या जागी..." त्याने मागे वळून पाहिलं, जणू कुणी ऐकत होतं. "त्याच्या जागी सुपारी ठेवलीय. तांदळावर. हळदकुंकू वाहून. गावात सगळे म्हणताहेत, करणी आहे."

मी हसलो. पण ते हसू वनाच्या गावी, असोद्याला जाईपर्यंतही टिकलं नाही.

२

असोद्याच्या त्या घरात दिवसाउजेडी सगळे दबक्या आवाजात बोलत होते. पत्र्याची पेटी माजघरात होती. वनाने झाकण उघडलं आणि तो दोन पावलं मागे सरला.

कपड्यांच्या घडीवर प्लास्टिकची पिशवी होती. पिशवीत विमानाचं तिकीट होतं, दोन जूनचं, मुंबईहून संध्याकाळचं. तिकिटाला धक्काही नव्हता. बाजूला त्याचं मनगटी घड्याळ आणि कॅमेरा, दोन्ही जागच्या जागी. पासपोर्ट तेवढा काढून घेतला होता. त्या जागी मूठभर तांदूळ नीट गोल पसरलेले आणि मधोमध कुंकू लावलेली सुपारी. घाईगडबडीत टाकलेली नव्हे बरं का, मांडलेली. 

"किल्ली कुठे असते?"

"देव्हाऱ्यामागच्या खिळ्याला," वनाची बायको ताईबाई म्हणाली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. "घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे."

"पासपोर्ट शेवटचा कधी पाहिला?"

"सोमवारी," वना म्हणाला. "माझ्या कंपनीतला रमजान आला होता. त्याच्यासमोर काढला, परत ठेवला. आज बॅग भरायला घेतली तर हे."

सोमवार ते शुक्रवार. एवढ्यात घरात कोण कोण आलं ते मी विचारलं. सोमवारी रमजान. मंगळवारी जीवराम, जळगावचा एजंट, 'नवा व्हिसा हवा का' विचारायला. वनाचा धाकटा भाऊ छगन तर घरातच राहतो. आणि मंगळवारपासून सासूबाई मुक्कामाला, जावयाला धोंड्याच्या जेवणाचं आवतण द्यायला सोनगीरहून आलेल्या.

सुंदरबाई, म्हणजे त्या सासूबाई, ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. लेक समोर रडत होती आणि म्हातारीचा हात काही थांबत नव्हता.

"रडू नको बेटी," त्या म्हणाल्या. "वटपुनीले आखो महिना शे. तोवर सापडी जाई."

मला वाटलं, वटपौर्णिमेला अजून महिना आहे वगैरे सणावाराच्या गोष्टी सांगून म्हातारी पोरीला गप्प करतेय. चांगली बाई, म्हटलं.

ताईबाई मला पाणी देताना हळूच म्हणाली, "आईचं मन घट्ट झालंय नाना. माझे दाजी लॉरी चालवायचे. सोनगीरहून जेवून निघाले आणि बिजासनच्या घाटात लॉरी कोसळून गेले. तीन वर्षांपूर्वी, दोन श्रावण आले होते ना, त्यातल्या पहिल्यात. माझी यशोदाताई तेव्हापासून माहेरीच आहे."

मी हळहळलो आणि पेला रिकामा केला. अठरा वर्षं चौकशी केलेला माणूस मी! त्या दहा मिनिटांत दोन बायांनी माझ्यापुढे सगळं उत्तर ओतलं आणि मी पाणी पिऊन उठलो.

३

रमजान जळगावात राहायचा. वनाच्याच कंपनीत, वनाच्याच खोलीत, वनाच्याच विमानाने परत जाणार. त्याच्या घरी बॅगा दोरीने बांधून तयार होत्या.

"नाना, आप समझे नहीं," तो म्हणाला. "नवा पासपोर्ट काढेल म्हणता? निघेल दोन महिन्यांनी. पण तिथं राहायचा शिक्का जुन्या पासपोर्टात आहे."

"मग पत्र लिहून कळवू, आजारी होता म्हणून."

"कुणाला कळवता? तिथला कायदा सरळ आहे. मुलखाबाहेर सलग सहा महिने राहिलात की शिक्का मेला. वना तीन डिसेंबरला निघाला. तीन जूनला रात्री बारा वाजता मुदत संपते. आमच्यात एक मल्लू होता, केरळचा, आईला पाहायला गेला, चार दिवस उशिरा आला. विमानतळावरून त्याला बाहेर सोडलंच नाही. त्याच विमानाने परत. सात वर्षांची नोकरी, खोलीत कपडे वाळत घातलेले, ते आम्ही उतरवले."

तो हे सांगताना माझ्याकडे पाहत नव्हता.

वना दोन महिन्यांच्या रजेवर आला होता. जानेवारीत मोटारसायकल घसरली, पाय मोडला, प्लास्टर निघायला मे उजाडला. कंपनीने जागा राखली होती, पण तीन जूनच्या पुढे कंपनीच्याही हातात काही नव्हतं.

"वना नाही आला तर क्रेन कुणाला मिळेल?" मी विचारलं.

रमजानने बॅगेच्या दोरीची गाठ ओढून घट्ट केली. "मला," तो म्हणाला. "म्हणूनच तुम्ही इथं आलात ना?"

त्याची म्हातारी आई अकबरी पडद्याआडून बोलली, "जमादारसाब, कळल्यापासून हा पोरगा जेवला नाही. वना नसेल तर मी एकटा कसा जाऊ, म्हणतो."

खरं सांगतो, मला त्या घरातून निघताना लाज वाटली. पण संशय काही मी खिशातून काढून फेकला नाही.

४

मग जीवराम. त्याचं ऑफिस म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि भिंतीवर विमानाचं चित्र. हा माणूस मला कधीच आवडला नाही. एकाच्या पासपोर्टावरचा फोटो सोलून दुसऱ्याचा चिकटवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, असं कचेरीत सगळे म्हणायचे. पुरावा मात्र कधी सापडला नाही.

"नाना, चालू शिक्क्याचा पासपोर्ट म्हणजे काय चीज आहे, तुम्हाला मी सांगायला हवं का?" तो दात कोरत म्हणाला. "अंगकाठी जुळणारा माणूस हवा फक्त. भाऊ असला तर उत्तमच."

"भाऊ?"

"मी काही बोललो नाही," जीवराम म्हणाला आणि पंखा वाढवला.

मी तडक असोद्याला परतलो. छगन केळीच्या बागेत पाणी धरायला गेला होता. त्याचा सदरा दांडीवर होता. मी खिसा तपासला. खिशात त्याचे स्वतःचे चार फोटो निघाले, पासपोर्टच्या मापाचे, आठवड्यापूर्वी काढलेले. मागे स्टुडिओचा शिक्का.

झालं! माझ्या डोक्यात सगळं चटकन जुळलं. वनाच्याच अंगकाठीचा भाऊ, हातात फोटो, मागे जीवराम. सुपारी कशाला? तर लोकांनी करणी-करणी करत बसावं आणि ह्याने विमान गाठावं. मी मोठ्या ऐटीत वनाच्या हातात ते फोटो ठेवले.

ती माझी चूक. आजही आठवली की घास कडू होतो.

रविवारी सकाळी छगन बागेतून आला. वनाने एक शब्द विचारला नाही, सरळ त्याच्या मुस्काटात लगावली. छगन खाली पडला, उठला, पुन्हा खाली पडला.

"मी माझा पासपोर्ट काढणार होतो दादा!" तो ओरडला. "माझा! तू म्हणशील बाग कोण बघेल, म्हणून बोललो नाही. तुझ्या वस्तूला मी हात लावेन?"

"नाना जमादार खोटं बोलतात?" वना म्हणाला.

छगनने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून दिसते. मग तो तसाच निघून गेला.

५

दुपारी तीन वाजता वनाच्या शेतावरचा सालगडी भटू धावत आला. धापा टाकत त्याने बागेकडे हात केला.

"विहिरीवर... छगनभाऊच्या चपला..."

आम्ही सगळे धावलो. वना काठी टाकून लंगडत धावला. बागेतल्या विहिरीच्या काठावर दोन चपला होत्या, एकमेकींना लावून नीट ठेवलेल्या. खाली काळं पाणी, हलतसुद्धा नव्हतं. कुणी हाक मारली तर तीच हाक वर आली.

लोकांनी गळ सोडला. गळ तळाला लागला, ओढला, रिकामा आला. पुन्हा सोडला. ताईबाई काठावर बसून कपाळ बडवत होती. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "सुपारीने एक घेतला. आता दुसरा कोण?" कुणी त्याला गप्प केलं नाही.

वना माझ्या अंगावर आला. "तुम्ही दिलेत फोटो. तुम्ही!"

मी गळाची दोरी हातात घेतली. अंधार पडेपर्यंत गळ चालू होता. गळाला फक्त एक जुनी बादली लागली. घरी येऊन मी न जेवता बसलो. कुंदा काही विचारायला आली आणि माझं तोंड बघून परत गेली.

सोमवारी सकाळी छगन आला. अनवाणी, धुळीने माखलेला, पण जिवंत! विहिरीवर पाय धुवायला चपला काढल्या आणि संतापात तसाच जळगावला चालत गेला होता. जीवरामच्या दारात बसून राहिला, सकाळी दार उघडल्यावर त्याची गचांडी धरली आणि टेबलाचे सगळे खण उपसले.

"तिथं नाही," तो एवढंच म्हणाला. "मंगळवारी जीवराम ओसरीच्या आत आलाच नाही, मी समोर होतो. इथून गेला तो थेट मुंबईला. परवा पहाटे आला. बसची तिकिटं पाहिली मी."

वनाने भावाला मिठी मारली आणि हमसून हमसून रडला. मी ओसरीवर उभा होतो. मला कुणी बस म्हणालं नाही, आणि बरोबरच होतं ते.

सुंदरबाई तेव्हा तिथं नव्हत्या. विहिरीचा प्रकार व्हायच्या आदल्याच दिवशी त्या सोनगीरला परत गेल्या होत्या.

६

बुधवार, एक जून. उरले दोन दिवस. मंगळवारचा अख्खा दिवस आणि बुधवारची सकाळ मी असोद्यातच घालवली. धान्याच्या कोठ्या, गोठा, चारा, सगळं उलथंपालथं केलं. काही नाही. शेवटी वनाला म्हटलं, चल, घरी चल माझ्या, रीतसर तक्रार लिहून देऊ. त्याने तिकिटाची पिशवी छातीशी धरली होती, सोडवतच नव्हती त्याला.

घरी आलो तर माजघरात नुकतीच पूजा आटोपलेली. दोन पाट मांडलेले. एका पाटावरून कुंदा उठत होती. दुसऱ्या पाटावर माणूस नव्हता. तांदळाची गोल रास होती आणि तीवर कुंकू लावलेली सुपारी.

माझ्या मागे वना जागच्या जागी थिजला.

"कुंदे, हे काय?"

"काय म्हणजे? आज धोंड्याची जोडीने पूजा होती, आठ दिवस सांगतेय. तुमचा पत्ता कुठाय? गुरुजी म्हणाले, जोडीदार हजर नसला तर त्याच्या जागी सुपारी मांडा. मांडली. तुमच्यापेक्षा बरी, गप्प तरी बसते."

"म्हणजे ही... करणी नव्हे?"

"जळलं मेलं ते तोंड! ज्याला परत त्या जागेवर यायचं असतं, त्याची जागा रिकामी ठेवू नये म्हणून मांडतात सुपारी. गेलेल्यासाठी कोण मांडतं?"

मी पाटासमोर जाऊन बसलो. परत यायचं असतं त्याची जागा. म्हणजे ज्याने पासपोर्ट काढला, त्याला तो परत ठेवायचा होता. चोर नव्हेच तो. तिकिटाचंही आता कळलं. दुसऱ्या माणसाला पाठवायचं असतं, तर त्याच नावाचं तयार तिकीट कोण मागे सोडेल? आणि वनाला कायमचं अडवायचं असतं तर पासपोर्ट चुलीत गेला असता, हळदकुंकू कशाला वाहिलं असतं?

मग ज्याला परत ठेवायचा होता तो ठेवत का नव्हता? घरात आकांत चालला होता, लेक समोर रडत होती. सगळ्यांचे प्राण कंठाशी आले होते. एकच माणूस शांतपणे तांदूळ निवडत होतं.

"कुंदे, यंदा वटपौर्णिमा कधी?"

"एकोणतीस जूनला. एरवी आताच झाली असती, पण मध्ये धोंडा घुसला ना."

"वना, तू डिसेंबरात घरी कोणत्या दिवशी आलास?"

"चार तारखेला. दत्तजयंती होती. सासूबाई तेव्हा इथंच होत्या. विचारत होत्या, किती दिवस राहायला चालतं? मी म्हटलं, सहा महिने."

दत्तजयंती ते वटपौर्णिमा. दरवर्षी बरोबर सहा महिने. यंदा सोडून.

"ऊठ," मी म्हटलं. "सोनगीरची गाडी पकडायचीय."

७

धुळ्याला गाडी बदलून सोनगीरला उतरलो तेव्हा पाच वाजत आले होते. किल्ल्याच्या टेकडीवर ऊन उतरलं होतं आणि आग्रा रोडवरून लॉऱ्या धडधडत चालल्या होत्या. वना सगळ्या वाटेत एक अक्षर बोलला नव्हता.

दार यशोदाने उघडलं. पांढऱ्या कपाळाची, तिशीच्या आतली पोर. आत देव्हाऱ्यासमोर सुंदरबाई बसल्या होत्या. चौरंगावर अधिक महिन्याची पोथी, लाल कापडात बांधलेली. हळदकुंकू वाहून उचललेली वस्तू ही बाई देवाजवळच ठेवणार, हे मी वाटेतच ताडलं होतं. जावयाला पाहून म्हातारी हरखून उठली.

"या या! धोंड्याना जेवनले उनात ना?"

"अक्का," मी म्हटलं, "पोथीच्या कापडात काय आहे ते काढा."

त्या जराही दचकल्या नाहीत. चोर दचकतो. त्यांनी कापड सोडलं, पोथीखालून पासपोर्ट काढला आणि कपाळाला लावला.

"देवनाजोडे ठेवा व्हता," त्या म्हणाल्या. "मी कोठे आडावस त्याले? धोंडा सरू द्या, मंग जाऊ द्या, इतलंच मनं म्हननं. मोठा जावई असाच धोंड्यामा जेवी ग्या, ह्याच दारमाईन. मी त्याले हासत हासत धाडं." त्यांनी यशोदाकडे पाहिलं नाही. पाहवत नसावं. "बोलीसन सांगं असतं तर तुम्ही ऐकतात का? हासतात."

खरंच, आम्ही हसलोच असतो.

"आणि मुदत, अक्का?"

"मुदत तं वटपुनीलोंग शे ना! तिकीट काय, बदली भेटस." आणि त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "पौष, माघ, फागुन, चैत, वैशाख, जेठ. सहा महिना व्हतस."

"मधला धोंडा?"

"धोंडा कोन मोजस?"

त्या इतक्या भोळेपणाने म्हणाल्या की मला पुढचं बोलणं जड गेलं. "साहेबाच्या कॅलेंडरात धोंडा नसतो, अक्का. तिथं महिने तारखेने मोजतात. त्यांच्या हिशोबाने सहा महिने परवा रात्री संपतात. परवा पोचला नाही तर दुबईचं दार बंद, पुन्हा उघडत नाही."

म्हातारीची बोटं तशीच वर राहिली. तिने पुन्हा मोजलं, ओठ हलत होते. एकदा, दोनदा. मग ती भिंतीला टेकून खालीच बसली.

"मनाच हातवरी..." एवढंच बोलली, आपल्याच हातून हे झालं अशा अर्थाने.

वनाने पासपोर्ट उघडला, शिक्क्याचं पान पाहिलं, मिटला. मला वाटलं आता हा तोंड टाकणार. छगनच्या मुस्काटात मारताना पाहिलेला राग मी विसरलो नव्हतो. पण तो खाली वाकला आणि सासूच्या पायावर डोकं ठेवलं.

"आत्ता निघू का, आई? तुम्ही सांगाल तसं."

बाहेर रस्त्यावर मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. म्हातारीने यशोदाकडे पाहिलं, ह्या वेळी पाहिलं. यशोदाच उठली. तिने कोनाड्यातली सुपारी आणली, तांदूळ आणले आणि चौरंगावर, जिथं पासपोर्ट होता तिथं मांडले.

"जाऊ दे त्याले माय," ती म्हणाली. "मनं दार बंद व्हयनं, ताईबाईनं तरी उघडं राहू दे."

सुंदरबाईंनी फडक्यात अनारसे बांधून दिले. मोजले नाहीत. मुंबईच्या गाडीत वना चढला तेव्हा त्या रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. तीन वर्षांपूर्वी हसत निरोप दिला होता, ह्या वेळी त्यांचा चेहरा दगडासारखा होता. गाडी दिसेनाशी झाली तरी हलल्या नाहीत.

८

चार जून गेला, सात गेला. रमजानचंही पत्र नाही, वनाचंही नाही. दुबईहून पत्राला दहा-बारा दिवस लागतात हे मला काय ठाऊक नाही? तरी मी रोज दुपारी पोस्टात जायचो. पोस्टातला कारकून मला पाहून आधीच मान हलवायचा.

कुंदाला मी सांगायचो, हे सगळं थोतांड आहे, घाटात लॉरी पडते ती ब्रेक गेला म्हणून. ती म्हणायची, हो का, मग रात्री उठून पाणी का पिता?

चौदा जूनला धोंडा संपला. पत्र नव्हतं. त्या दिवशी आमचा जावई जेवून निघाला तेव्हा मी त्याला म्हणालो, आज नको, उद्या सकाळी जा. कुंदा माझ्याकडे बघतच राहिली.

सतराला छगन असोद्याहून आला. आल्या आल्या त्याने निळं पाकीट माझ्या हातात दिलं. मला माफ केल्याचं त्याने तोंडाने कधीच सांगितलं नाही, पण पत्र पहिल्यांदा माझ्याकडे आणलं. आम्ही दोघंही त्याच्या मोटारसायकलवर सोनगीरला गेलो.

सुंदरबाई चौरंगासमोरच होत्या. मी मोठ्याने वाचलं. "विमानतळावरच्या माणसाने शिक्का पाहिला, दुसऱ्या साहेबाला बोलावलं. दोघांनी दिवस मोजले. रमजान बाजूला उभा राहून दुआ मागत होता. मग साहेब म्हणाला, एक दिवस उरला होता तुझा, नशीबवान आहेस. क्रेन माझीच आहे. सासूबाईंना सांगा, अनारसे खोलीतल्या सगळ्यांनी खाल्ले. छगनचा पासपोर्ट झाला की कळवा, त्याच्यासाठी बोलून ठेवतो."

छगन तोंड वळवून बाहेर गेला. म्हातारीने पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"आता ती सुपारी उचला अक्का," मी म्हटलं. "पोचला तो."

"पोचना. पन परत कधय येस?"

"दोन वर्षांनी. नव्वदच्या जूनमध्ये."

"मंग राहू दे तठेच. येवावर उचलसू." त्यांनी सुपारीवरची धूळ फुंकली. मग थोड्या वेळाने, भीत भीत विचारलं, "भाऊ, ह्या दोन सालमा धोंडा येस का?"

मी हसायला हवं होतं. खिशातून चष्मा काढायचीही मला गरज पडली नाही.

"नाही येत, अक्का. पुढचा एक्याण्णवच्या वैशाखात," मी म्हटलं. "मी पंचांगात आधीच बघून ठेवलंय."